जलसा कागदावर मोजू नका

भीमराव कर्डकांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' १९७८ साली आलं. तरी समीक्षक जलशाला 'प्रचार' म्हणून बाजूला सारतात. १९३०च्या दशकातल्या या जलशांनी साचा तमाशाचाच घेतला. पण गौळणीतली थट्टा काढून तिथं शाळा, पाणवठा, मेलेलं ढोर आणलं. गावापुढं मान खाली घालणारा माणूस डफावर थाप मारून सवाल टाकू लागला. ती ताठ झालेली मान कागदावर कशी दिसणार? शिवाय एकाचं पद सगळा फड गाई. आतली आग वाटली जाई. आपण कवी मात्र एकटेच जळतो, एकटेच छापतो. दोस्तांनो, पाळी सुटल्यावर वस्तीत बसा. कवितेला झीलकरी मिळू द्या. कविता सुधारेल, कवीही तगेल.