शंभर टक्के म्हणजे चारपैकी चार

15 डिसेंबर 1989. अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत एक प्रवासी विमान शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. विमान सुमारे 4 किलोमीटर खाली आलं, तेव्हा कुठे इंजिनं पुन्हा सुरू झाली. 245 जण वाचले. एवढ्या निर्जन भागातल्या ज्वालामुखींवर पाळत कशाला, असं कोणी विचारलं तर हे सांगा. खाली वस्ती नसली तरी वरून विमानं जातात.

हे काम अलास्का ज्वालामुखी वेधशाळा करते. आपले इशारे वेळेवर गेले का, याचा हिशेब शेरिल कॅमरन आणि सहकाऱ्यांनी 2018 च्या एका पेपरमध्ये मांडला. संशोधनाची तयारी करत असाल तर तो वाचाच, पण हातात पेन्सिल घेऊन.

आधी कौतुक. या मंडळींनी आपलं अपयशही मोजलं आहे. 20 ज्वालामुखी, 53 उद्रेक. उद्रेक सुरू होण्याआधी औपचारिक इशारा दिला असेल तरच यश, ही व्याख्या सुरुवातीलाच दिली आहे. 2008 साली ओकमोक फुटला तेव्हा जवळ यंत्रं होती, पण आधीचे धक्के जेमतेम काही तासांचे होते आणि इशारा गेलाच नाही. असं प्रकरण झाकून न ठेवणं ही मोठी गोष्ट आहे.

आता पेन्सिल चालवू. बराच काळ शांत असलेल्या ज्वालामुखींबाबत यश 100 टक्के, असं पेपर म्हणतो. छेद बघा. 53 पैकी फक्त 21 उद्रेकांच्या वेळी जवळचं भूकंपमापक जाळं चालू होतं. त्यातून 15 वर्षांहून जास्त शांतता आणि मॅग्माचा उद्रेक या अटी लावल्या की उरतात 4. चारपैकी चार! 95 टक्के विश्वास-मर्यादा काढली तर खरा यशदर 40 टक्क्यांच्या आसपासही असू शकतो. पेपरमध्ये आकडा लपवलेला नाही, पण बातमीत किंवा तुमच्या सेमिनारमध्ये जातं ते फक्त '100 टक्के'.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मोजणी उद्रेकांपासून सुरू होते, म्हणजे इशारा दिला पण उद्रेक झालाच नाही, अशी प्रकरणं त्या 53 मध्ये येऊच शकत नाहीत. 2004 ते 2006 मध्ये माउंट स्पर अस्वस्थ होता, सावधानतेची पातळी वाढवली होती, पण उद्रेक झाला नाही. हे यश की खोटा इशारा? हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

हेच प्रश्न आपल्या कोयनेला विचारू. तिथे ज्वालामुखी नाही, पण धरणालगतच्या छोट्या पट्ट्यात भूकंपांवर अशीच अखंड पाळत आहे. 16 मे 2006 रोजी हर्ष गुप्ता आणि सहकाऱ्यांनी साधारण 4 तीव्रतेच्या भूकंपाचा अंदाज दिला आणि 21 मे रोजी 4.2 चा धक्का बसला. आधी लिहून ठेवलेला अंदाज, म्हणून त्याला मोल आहे. पण समजा, तिथे असे भूकंप वर्षाला सरासरी 4 होतात आणि मुदत 15 दिवसांची आहे. मग डोळे मिटून वर्तवलेला अंदाजही सातातून एकदा खरा ठरेल. म्हणून एका यशावर थांबता येत नाही. किती अंदाज दिले, किती चुकले, किती भूकंप न सांगता आले, हे सगळं हवं.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा धक्का मुंबईतही जाणवला. इथे नायगाव-परळच्या चाळींतल्या कितीतरी गिरणी कामगारांचं गाव सातारा-रत्नागिरीकडे. गावाकडच्या म्हाताऱ्या आई-वडिलांना आज घराबाहेर झोपायला सांगायचं का, हे अशा माणसाला ठरवायचं असतं. दोनदा उगाच बाहेर झोपवलं, तर तिसऱ्यांदा ते ऐकणार नाहीत.

तेव्हा पुढचा असा पेपर हातात आला की समासात तीन आकडे लिहा: एकूण घटना, त्यातल्या आधी सांगितलेल्या घटना, आणि फुकट गेलेले इशारे. तिसरा आकडा कुठेच सापडला नाही तर वैतागू नका. तुमच्या प्रस्तावाचा विषय तिथे असू शकतो.