खोटे नाव आणि खरे नाव : बडोद्यातील एका नकाराचे वाचन

देव मनुष्यावर निरपेक्ष प्रीती करितो, हे विधान आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा केले जाते की ते ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटेनासे झाले आहे. ह्या प्रीतीमुळे मनुष्याला त्याचे खरे स्वत्व लाभते, ती पात्रता पाहून दिली जात नाही म्हणून ती हिरावलीही जात नाही, असेही आपण शिकवितो. हा सिद्धान्त खरा आहे. पण तो कोठे कसास लागतो, ह्याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या लेखात आम्ही एका मजकुराचे परीक्षण करणार आहो. तो मजकूर कोणा ईश्वरविज्ञानीचा नाही आणि तो लिहिणारा ख्रिस्तीही नव्हता. तरी निरपेक्ष प्रीतीविषयी आम्ही जे शिकवितो त्याची परीक्षा त्याने जशी घेतली आहे तशी आमच्या पाठ्यपुस्तकांनी घेतलेली नाही.

आम्ही हे गोरवा येथे बसून लिहीत आहो. एके काळी बडोद्याबाहेरचे असलेले हे गाव आता कारखान्यांनी व वसाहतींनी वेढले आहे. पोटापाण्यासाठी येथे जे येतात त्यांत मराठी बोलणारेही आहेत. अशा ठिकाणी खोली शोधणाऱ्याला भाडे परवडेल की नाही हे विचारण्यापूर्वी बहुधा त्याचे आडनाव विचारले जाते. आम्ही ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहो तो ह्याच शहरात घडला, आणि त्याचाही आरंभ खोली शोधण्यापासूनच झाला.

डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) ह्यांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी १९१५ साली मिळविली. शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. त्याप्रमाणे ते बडोद्यास आले. चरित्रकार हा प्रसंग १९१७ सालचा मानतात. पुढे सुमारे अठरा वर्षांनी, अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकांस कळावे म्हणून, त्यांनी काही आठवणी इंग्रजीत लिहून काढल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या नावाने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. बडोद्याची हकीकत त्यांतच आहे.

हकीकत थोडक्यात अशी. विलायतेतील वर्षांत आपण अस्पृश्य आहो ही जाणीव लेखकाच्या मनातून पुसून गेली होती. बडोद्याच्या स्थानकाबाहेर पाऊल टाकताच, आता कोठे जावे, हा प्रश्न उभा राहिला आणि ती जाणीव परत आली. हिंदूंच्या खाणावळींत थारा मिळणार नव्हता. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. अंगातला कोट काढल्यावर सदरा व कस्ती दिसली नाही, तेव्हा व्यवस्थापकाने खुलासा मागितला. धर्मशाळा फक्त पारशांसाठी होती. अखेर, पारशी नाव नोंदवहीत लिहून राहावे आणि रोज दीड रुपया द्यावा, अशी तडजोड झाली. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले दहाबारा पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला.

तेव्हा ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याला वाईट वाटले, पण तुम्हांला घरी ठेविले तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा भारतीय ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर केवळ मुत्सद्दीपणाचे होते, हे लेखकाला नंतर कळले. ते पतिपत्नी मूळचे ब्राह्मण घराण्यातले होते. ख्रिस्ती झाल्यावर पतीचे विचार उदार झाले होते. पत्नीचे आचार मात्र जुनेच राहिले होते. रात्री नऊच्या गाडीपर्यंतचे तास लेखकाने कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले आणि ते मुंबईस परतले. बागेतील ते स्थान आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखले जाते.

ह्या हकीकतीचे दोन प्रकारचे वाचन आमच्या कानांवर येते. पहिल्या वाचनात आमचे प्रवचनकार पारशांच्या काठ्यांपाशी थांबतात आणि ख्रिस्ती मित्राचा परिच्छेद गाळतात. हे अप्रामाणिक आहे. दुसऱ्या वाचनात त्या परिच्छेदावरून ख्रिस्ती धर्मच खोटा ठरविला जातो. हेही घाईचे आहे. एका घराचे दार बंद राहिले म्हणून ज्याने दार उघडावयास सांगितले तो खोटा ठरत नाही. मात्र त्याच्या नावाने बोलणारे आरोपी ठरतात. शिवाय तो मित्र आणि त्याची पत्नी ह्यांची बाजू आपल्यापुढे नाही. लेखकाने त्यांची नावे दिलेली नाहीत, आणि त्यांच्यावर दोनचार वाक्यांपलीकडे खर्चही केलेला नाही. काठ्यांचे दृश्य आठवले की अठरा वर्षांनंतरही डोळे भरून येतात, असे सांगणारा लेखक ह्या नकाराविषयी संतापाचा एक शब्दही लिहीत नाही. त्याला त्याचे आश्चर्य वाटले नसावे. ख्रिस्ती वाचकाला ही शांतता काठ्यांहून अधिक टोचली पाहिजे.

आमच्या मते ह्या मजकुराचा गाभा नावाच्या प्रश्नात आहे. धर्मशाळेत जागा मिळाली ती खोट्या नावाला. भीमराव आंबेडकर ह्या नावाला ती नव्हती. त्या अकरा दिवसांत त्यांच्या डोक्यावर छप्पर होते, पण ते स्वतः तेथे राहतच नव्हते; राहत होता तो नोंदवहीतला पारशी. अटीवर दिलेले प्रेम माणसाला हेच करावयास लावते. ते त्याला सांगते, तू जो नाहीस तो हो, म्हणजे मी तुला घेईन. असा स्वीकार मिळाला तरी तो माणसाला पोहोचत नाही, त्याच्या मुखवट्याला पोहोचतो. आणि मुखवटा गळून पडण्याची भीती रोज वाढत जाते.

ख्रिस्ती मित्राच्या दारात काय घडले ते ह्या दृष्टीने पाहावे. तेथे पाहुण्याने खरे नाव सांगितले; खोटे बोलण्याची पाळी यजमानावर आली. त्याला आपले खरे कारण सांगता येईना, म्हणून त्याने पत्नीच्या संमतीचा आडोसा घेतला. म्हणजे अटीचे प्रेम घेणाऱ्यालाही खोटे करिते आणि देणाऱ्यालाही. बाप्तिस्म्याने मिळालेले नाव त्या मित्राच्या ओठांवर होते, पण त्या दिवशी दाराशी उभे राहून उत्तर दिले ते जुन्या नावाने.

येथे बडोदे संस्थानचाही विचार केला पाहिजे. अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारे आणि १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणारे ते संस्थान होते. त्याने आंबेडकरांची गुणवत्ता ओळखली, पैसा दिला, पद दिले. पण त्याच संस्थानच्या राजधानीत त्यांना खोली मिळाली नाही. शिष्यवृत्ती गुणांना मिळते, आणि तसेच असावयास हवे. घर मात्र गुणांना मिळत नसते. ते माणसाला मिळावयाचे असते. स्वीडनचे ईश्वरविज्ञानी अँडर्स नायग्रेन ह्यांनी १९३० सालच्या आपल्या ग्रंथात हाच भेद मांडला की, ईश्वरी प्रीती समोरच्याचे मोल पाहून होत नाही, ती मोल निर्माण करिते. बडोद्याचा प्रसंग वाचताना हा भेद पुस्तकी राहत नाही. पदवी असलेला, पद असलेला, मोल सिद्ध झालेला मनुष्य बागेत बसलेला आहे. त्याच्याजवळ नाही ती एकच गोष्ट, जी कोणत्याही सिद्धतेने मिळवता येत नाही.

आता आपल्या शिकवणीकडे वळू. पॉल टिलिक ह्यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले ‘यू आर अ‍ॅक्सेप्टेड’ हे प्रवचन आपल्या अनेक पाळकांनी वाचले असेल. आपण स्वीकारले गेलो आहो, हे मान्य करणे हाच कृपेचा अनुभव, असे त्याचे सार आहे. त्याने पुष्कळांना धीर दिला आहे. तरी आमची अडचण अशी की, हा स्वीकार जेव्हा अंतःकरणापुरता राहतो तेव्हा बागेत बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. देव तुला स्वीकारतो, हे वाक्य घराचे दार लावून घेऊन आतून बोलता येत नाही. रोमकरांस पत्रात (१५:७) ख्रिस्ताने आपला केलेला स्वीकार आणि आपण परस्परांचा करावयाचा स्वीकार हे एकाच वाक्यात बांधले आहेत. त्या वाक्याचे दोन तुकडे करण्याचा अधिकार कोणत्याही प्रवचनकाराला नाही.

नव्या करारात बडोद्यासारखाच एक प्रसंग आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो मागे सरला (गलती. २:११-१४). त्याने कोणता सिद्धान्त नाकारला नाही. त्याने फक्त आपले ताट उचलले. पण पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, आणि हे वर्तन शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाही असे ठरविले. पुढच्याच अध्यायात बाप्तिस्म्याने यहूदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र हे भेद उरत नाहीत, ही सुप्रसिद्ध शिकवण येते (३:२७-२८). आपण ती वचने बाप्तिस्म्याच्या विधीत वाचतो, पण त्यांच्या पाठीशी एका जेवणावरचे भांडण आहे हे विसरतो. पौलाच्या लेखी ख्रिस्तातील स्वत्व ही केवळ मनातली समजूत नाही. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो ह्यावर ती पडताळली जाते.

तर मग त्या अनाम पत्नीला आपण काय म्हणावे? येथे आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात. हा ग्रंथ १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळात, पतीजवळ येऊन राहिल्यावरही, त्या आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवीत होत्या. म्हणजे बडोद्यातल्या त्या घरात जी स्थिती होती तीच ह्या घरातही काही काळ होती. टिळकांनी तो वेगळेपणा बळाने मोडला नाही. पुढे जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने आपण होऊन घेतले, आणि त्यांनी सोवळे टाकले. बाप्तिस्मा त्याच्या मागून आला.

ह्यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, प्रीती धीर धरते, आणि ज्याच्यावर अट लादली जात नाही तोच खराखुरा बदलतो. जक्कयाच्या घरी प्रभू आधी पाहुणा म्हणून गेला. जक्कयाने अर्धी मालमत्ता देण्याचे वचन नंतर दिले (लूक १९:१-१०). दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. निरपेक्ष म्हणजे निष्फळ नव्हे. कृपेला आधी अट नसते, पण मागून हक्क असतो. डीट्रिख बोनहोफर ह्यांनी १९३७ साली स्वस्त कृपेविषयी जो इशारा दिला तो हाच. ज्या ख्रिस्ताने त्या ब्राह्मण दांपत्याला त्यांच्या सोवळ्यासकट जवळ केले, तोच त्या संध्याकाळी दाराशी दुसऱ्याच्या रूपाने उभा होता. घरातील माणसासाठी धीर धरावयाचा हे खरे. परंतु त्या धीराची किंमत दाराबाहेरच्या माणसाने द्यावयाची काय? ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर आम्हांजवळ नाही. मात्र पतीने सर्व ओझे पत्नीवर टाकले, हे आम्हांस सर्वांत अधिक खटकते. निदान त्या दिवशी पत्नी घरी नव्हती. एका रात्रीपुरती तरी त्याला स्वतःच्या श्रद्धेने वागता आले असते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून बाजूला सारता येणार नाही. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या घटनात्मक आदेशाचा लाभ आरंभी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळालेला नाही. त्यामुळे काही कुटुंबांत एक नाव दाखल्यावर आणि दुसरे मंडळीच्या नोंदवहीत, अशी स्थिती आहे. त्यांना आपण सहज ढोंगी म्हणतो. पण पारशी धर्मशाळेच्या नोंदवहीत खोटे नाव लिहिणाऱ्यास आपण ढोंगी म्हणू काय? आणि ज्या मंडळीत पूर्वीची जात लग्न जुळविताना पुन्हा डोके वर काढते, तेथे तरी माणसाला आपले खरे नाव निर्धास्तपणे सांगता येते काय?

ज्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहो ते पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनी बाप्तिस्म्याचे वर्ग घेतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात (४३:१) देव आपल्या लोकांना नावाने हाक मारतो, हे आपण त्या वर्गात शिकवितो. त्याच धड्याबरोबर बडोद्याची ही हकीकतही वाचून दाखवावी, ख्रिस्ती मित्राचा परिच्छेद न गाळता, अशी आमची सूचना आहे. ती वाचून झाल्यावर उमेदवाराला नव्हे, तर त्याला आत घेणाऱ्या मंडळीला एकच प्रश्न विचारावा: आज संध्याकाळी सामान घेऊन कोणी दाराशी आला आणि त्याने आपले खरे नाव सांगितले, तर तुमच्यापैकी कोणाला घरी विचारून सांगावे लागेल?

निरपेक्ष प्रीती मनुष्याला त्याचे स्वत्व देते, हा आमचा विश्वास आहे. पण ज्याचा जन्म झाला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती, त्याच्या नावाने ती प्रीती सांगावयाची असेल तर ती आपल्या घरातील एका खोलीपर्यंत पोहोचली पाहिजे. तेथे ती पोहोचली म्हणजे पाहुण्याला त्याचे नाव परत मिळते, आणि यजमानालाही बाप्तिस्म्यात मिळालेल्या आपल्या नावाने उत्तर देता येते.