चार बोटं जागा

दिवाळी अंक हातात आला की वाचक अनुक्रमणिकेत लेखकांची नावं शोधतात. मला आधी पानाचा तळ बघायची सवय आहे. तिथे बारीक टायपात एक ओळ असते: मुखपृष्ठ अमुक, सजावट तमुक, छायाचित्रं आणखी कुणी. या ओळीतली माणसं तिथवर कशी पोहोचली, हा प्रश्न मला अंकातल्या कथांइतकाच खुणावतो.

मुलाखतींमध्ये त्याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. लहानपणी घराच्या भिंती रंगवल्या, वडील नाही म्हणाले, नोकरी धरली, एक दिवस सोडली आणि मन सांगेल ते केलं. ही गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. भिंती सगळीच मुलं रंगवतात. त्यांतलं कोण चित्रकार होणार हे पुढे हाताला काम मिळतं की नाही, आणि ते काम चुकायला किती वाव देतं, यावर ठरतं. आपल्याकडे याला साधा शब्द आहे: उमेदवारी. आपल्या दृश्यकलेचा इतिहास मला उमेदवारीच्या जागांचा इतिहास वाटतो, आणि आजची अडचणही तिथेच दिसते.

दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करू. 1885 मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याजवळ रविवर्म्याच्या छापखान्यात शिळाप्रेसचं काम केलं, स्वतःचा छापखाना चालवला आणि त्यातूनही बाहेर पडले. एखाद्या व्यवहारी काकानं ‘धरसोड’ म्हणून निकालात काढावी अशी ही यादी. पण 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना लक्षात येतं की भिंग, रसायन, पडदा, छपाई यांतलं काहीच वाया गेलेलं नाही. सिनेमा नावाचा धंदा या देशात अजून जन्मायचा होता, तेव्हा त्याची उमेदवारी शेजारच्या धंद्यांतच करावी लागली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ती एकाच छताखाली आणली. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. त्यानं कॅमेरा घरी बनवला, 1920 मध्ये ‘सैरंध्री’ काढला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम पडेल ते काम करत शिकले. पुढे हेच ‘प्रभात’ झाले. मुंबईत त्यानंतरच्या काळात एम. एफ. हुसेन सिनेमाचे बॅनर रंगवत होते. भव्य आकाराला न बिचकणारा त्यांचा हात बॅनरच्या परांचीवर चढून तयार झालेला होता, आणि ते ऋण त्यांच्या कॅनव्हासवर शेवटपर्यंत दिसतं.

मराठी चित्रकारांसाठी मात्र सगळ्यात मोठी शाळा ठरली ती छापील पानाची. 1909 मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला आणि दरवर्षी चित्रं लागणारी एक बाजारपेठ उभी राहिली. 1935 मध्ये जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, 1961 मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. इकडे पान, तिकडे पानासाठी माणूस घडवणारी संस्था, अशी जोडी जमली. मडगावचे दीनानाथ दलाल जे. जे.मध्ये शिकले आणि 1945 मध्ये त्यांनी स्वतःचाच ‘दीपावली’ अंक काढला. चित्रकारानं संपादकाच्या दारात उभं राहण्याऐवजी दारच बांधलं. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर ‘रत्नप्रभा’तून घराघरांत गेले. दोघांची नावं जोडीनं घेतली जातात, पण दोघांना एका मापानं मोजू नये. मुळगावकरांच्या एअरब्रशनं देवादिकांना आणि नायिकांना जी साखरी कांती दिली ती लोकांना हवी होती, म्हणून तिची लवकरच सवय झाली. दलाल मागणीत राहूनही पाण्यासारखे हलत राहिले: कधी जलरंग, कधी निव्वळ शाईची रेघ, कधी विनोदी पानावरचा चार फटकाऱ्यांतला माणूस. आपला अंक हाती असल्यामुळे प्रयोग फसला तरी जबाबदार तेच होते. हा मोकळेपणा प्रतिभेइतकाच मोलाचा.

संस्थेचं दार सगळ्यांसाठी उघडलं नाही, हेही नोंदवायला हवं. मैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.नं प्रवेश नाकारला. पुढे ते ‘फ्री प्रेस जर्नल’च्या टेबलावर बसले, तिथे बाळ ठाकरे सहकारी होते, आणि नंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचा कॉमन मॅन रोज सकाळी लोकांच्या चहासोबत हजर होऊ लागला. रोज एक चित्र, ठरल्या वेळेला. वर्तमानपत्राइतका कडक मास्तर कुठल्याच कलाशाळेत नव्हता. अक्षरकार कमल शेडगे ‘टाइम्स’च्याच कला विभागात घडले, कलेच्या पदवीशिवाय. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं आठवा. वर्तमानपत्राच्या गर्दीत, दोन-तीन रकान्यांच्या चौकटीत, अक्षराच्या वळणावरून नाटक गंभीर की फार्स हे कळायचं.

याच पिढीतली दोन माणसं माझा मुद्दा आणखी स्पष्ट करतात. वसंत सरवटे व्यवसायानं स्थापत्य अभियंता, ए. सी. सी. या सिमेंट कंपनीत नोकरी. ‘ललित’ची मुखपृष्ठं, ठणठणपाळाची ती हातोडेबाज मूर्ती, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली चित्रं ही सगळी नोकरी सांभाळून केलेली. त्यांच्या चित्रांतले जिने, गॅलऱ्या, खुर्च्यांचे पाय नीट बघा. माणसं हलकी आणि बांधकाम पक्कं असतं. मारिओ मिरांडांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहासात बी. ए. केलं, थोडे दिवस वास्तुकलेचा नाद केला, जाहिरातीच्या स्टुडिओत काही वर्षं काढली. लोटलीच्या घरी आईनं भिंती वाचवायला हातात वही दिली, ही त्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्या वहीतली गर्दी पुढे छापण्याजोगी झाली ती जाहिरातीच्या स्टुडिओत आणि साप्ताहिकांच्या पानांवर, हे कमी जण सांगतात. बाजूच्या दारानं आलेला माणूस बाहेरचं काहीतरी सोबत आणतो. सरवट्यांनी नकाशा आणला, मारिओंनी इतिहासकाराची खोडकर नजर.

छायाचित्रकारांची वाट याहून अडनिडी. कॅमेरा महाग, फिल्म महाग, आणि धंदा म्हणजे लग्न, मुंज, पासपोर्ट. रघु राय यांचं शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं. मोठे भाऊ एस. पॉल यांच्यामुळे कॅमेरा हाती आला आणि गाढवाच्या शिंगराचं एक छायाचित्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आलं. होमाई व्यारावाला जे. जे.मध्ये शिकल्या, पण त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पतीच्या नावानं छापली गेली. गौतम राजाध्यक्ष ‘लिंटास’ या जाहिरात कंपनीतून आले; ताऱ्यांचे चेहरे उजळवणारा त्यांचा प्रकाश जाहिरातीच्या शिस्तीतला आहे, त्याचं बळ आणि त्याची मर्यादाही तीच. याच्या अगदी उलट सुधारक ओलवे. वृत्तछायाचित्रकार म्हणून दैनिकांत काम करता करता ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले आणि वर्षानुवर्षं तिथेच थांबले. संदेश भंडारे तमाशाच्या फडांमागे आणि वारीच्या वाटेवर असेच रेंगाळले. दैनिकाला उद्या सकाळी एक फोटो हवा असतो. या दोघांनी त्याच हातानं वर्षांचं काम केलं. मराठी छायाचित्रणात आज अभिमानानं दाखवावं असं जे आहे, त्यात अशा रेंगाळण्याचा वाटा मोठा आहे.

‘डिझायनर’ हा शब्द आपल्याकडे उशिरा रुळला. 1958 मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स यांनी सरकारला अहवाल दिला, 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, 1969 मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.त औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं. ते उभं करणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे.त शिकून जर्मनीतल्या उल्मला गेलेले. र. कृ. जोशी जाहिरातीच्या ‘उल्का’तून याच केंद्रात शिकवायला आले. कवी, सुलेखनकार आणि जाहिरातवाला या माणसात एकत्र नांदत होते. संगणकावर लाखो लोकांनी वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचा. सौंदर्याच्या दृष्टीनं ‘मंगल’ त्यांचं सर्वोत्तम काम नव्हे, पण त्या काळच्या पडद्यावर जोडाक्षरं न तुटता उभी करणं हेच मोठं काम होतं. त्यांच्या परंपरेत अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून अक्षराला पुन्हा हात दिला. ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ हे फाँट सर्वांसाठी खुले केले. आज लग्नपत्रिकेपासून सरकारी फलकापर्यंत ‘बालू’ची गुबगुबीत अक्षरं दिसतात. अक्षरकलेच्या क्षेत्रात गुरुशिष्यांची साखळी अजून शाबूत आहे, आणि तिथलं काम आज सगळ्यांत भक्कम आहे, हा योगायोग नव्हे.

बाकीच्या क्षेत्रांबद्दल असं म्हणवत नाही. शिकण्याची दारं वाढली आहेत. डिझाइनच्या संस्था गल्लोगल्ली आहेत. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षेला अजूनही शाळाशाळांतून मुलं बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन यांमुळे खेड्यातल्या मुलालाही चित्रकला हा विषय आहे हे कळतं. पण शिकून झाल्यावर चुकत चुकत हात बसवण्याच्या जागा एकेक करून मिटल्या. फ्लेक्स आला आणि बॅनर-पेंटर घरी बसले. वर्तमानपत्रांचे कला विभाग आटले, जाहिरात कंपन्यांच्या स्टुडिओतली लांब टेबलं गेली. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करणारा पोऱ्या आता दिसत नाही. तयार प्रीसेट आहे. हनीफ कुरेशींनी रंगाऱ्यांची अक्षरं संगणकात जतन करायचा उपक्रम काढला, तो स्तुत्य होता. पण जतन करावं लागतं तेव्हा धंदा संपत आलेला असतो.

आजच्या तरुणाची उमेदवारी त्यामुळे भर चौकात होते. इन्स्टाग्रामवर पहिल्याच वर्षी ‘शैली’ लागते, कारण शैलीवरून ओळख आणि ओळखीवरून काम. हात पिकण्याआधी शैली ठरली की ती सुटत नाही. सपाट रंग, लांब हातपाय, खिडकीत मांजर आणि कुंडीत मॉन्स्टेरा अशी चित्रं नाव झाकलं तर कुणाची ते सांगता येत नाही. यंत्राकडून चित्र करून घेण्याच्या आजच्या काळात ही एकसारखी शैलीच सगळ्यांत आधी धोक्यात येणार. इंग्रजी मुलाखत आणि महागडी फी यांमुळे कोण आत येतं हा प्रश्न वेगळाच. जिल्ह्याच्या कला महाविद्यालयातल्या मुलाच्या हातात रेघ असते, पण तिच्याबद्दल बोलायची भाषा त्याला कुणी दिलेली नसते.

तरी बाजूची दारं पूर्ण बंद झालेली नाहीत. नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यक शिकले आणि वन्यजीवांची व्यंगचित्रं काढू लागले. त्यांचा विनोद टिकतो तो प्राण्यांच्या अचूक माहितीवर. गोव्याच्या कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांनी ‘करी’ आणि ‘आदिपर्व’ या चित्रकादंबऱ्यांत लेखन आणि चित्र एकाच हातात ठेवलं. 2014 मध्ये स्वच्छ भारत मोहिमेचं चष्म्याचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं निवडलं गेलं. बाबूराव पेंटरांच्या गावातून ते आलं याचं मला नवल वाटलं नाही. फार कमी रेघांत, कुठल्याही भिंतीवर, कुठल्याही रंगाऱ्याला काढता येईल असं ते चिन्ह आहे. पाटीचा आणि छापखान्याचा धंदा जवळून बघितलेल्या गावाला हे शहाणपण असतं.

करायचं काय? नवी संस्था काढा, असं मी म्हणणार नाही. जुन्या मासिकांचे अंक चाळताना एक गोष्ट दिसते. कथा पानाच्या मध्येच संपली की खाली चार बोटं जागा उरायची. ती भरायला संपादक नवख्याकडून काहीतरी काढून घ्यायचे: एखादा पक्षी, पायवाट, छत्री धरलेला माणूस. मुखपृष्ठ मान्यवराचं, पण ही चार बोटं उमेदवाराची. चित्र फसलं तरी अंक बुडत नव्हता, आणि जमलं तर पुढच्या वर्षी कथेचं शीर्षकचित्र मिळत होतं. आता संगणकावर पान असं जुळवतात की जागा उरतच नाही. उरलीच तर तिथे सराफाची जाहिरात बसते.

यंदाचा अंक लावताना एखाद्या संपादकानं ती जागा मुद्दाम उरू द्यावी. चित्राचे पैसे द्यावेत, थोडे का असेनात, आणि तळाच्या त्या बारीक ओळीत आणखी एक नाव बसवावं.