ओळ उशिरा, ठोका वेळेवर

जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक ओळ लिहितो. डॉलरचं चिन्ह, मग 'जीपीआरएमसी', मग स्वल्पविरामांनी तोडलेले तुकडे: तास-मिनिट-सेकंद, एक 'ए', अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. काव्यगुण शून्य. पण संगणकाचं घड्याळ उपग्रहांवरून लावायचं तर संहिता हीच, आणि मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

आधी तो 'ए' पाहा. उपग्रह पुरेसे दिसेनात की त्या जागी 'व्ही' येतो: सांगतोय खरं, पण धरून चालू नका. आपल्याच विधानात अशी कबुली ठेवणारे लेखक किती?

ओळीचा दोष एकच, ती उशिरा येते. ४८०० बॉडच्या सिरियल तारेवरून सत्तर अक्षरं उतरायला सेकंदाचा सातवा हिस्सा जातो, आणि रिसीव्हर लिहायला नेमका कधी बसेल याचाही भरवसा नाही. म्हणून शेजारून दुसरी तार येते. तिच्यावर शब्दच नाहीत. सेकंद सुरू होताच व्होल्टेजची एक उभी कड, बस्स. हा 'पीपीएस', म्हणजे सेकंदाचा ठोका. चांगल्या रिसीव्हरचा ठोका शंभर नॅनोसेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. तेवढ्यात प्रकाश जेमतेम तीस मीटर जातो. मात्र ठोका मुका. आधी तो पडतो, मग ओळ येऊन सांगते, मघाचा तो अमक्या सेकंदाचा. जुन्या लग्नघरात घटिकापात्र बुडायचं तो क्षण वेगळा आणि भटजी घटका पुकारायचे तो वेगळा, तसंच हे.

ठोक्याचं मूळ २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण आणि वेग मोठा. दोन्हींचा हिशेब मांडला तर उपग्रहातलं आण्विक घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. त्यावर तोड अशी की १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी ते जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ ला लावून पाठवतात. किंचित उतरती लावलेली तार, वर गेल्यावर सुरात येणारी! या साऱ्या प्रकरणातली माझी सर्वांत आवडती जागा ही.

संगणकात हे सगळं मुरवतो तो एनटीपी, म्हणजे घड्याळं जुळवणारा 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल', पुढे डेलावेअर विद्यापीठात गेलेल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेला. त्याचा संयम बघावा. चूक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो काटा उडवत नाही; सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद, अशा सावकाश चालीने वळवतो. घड्याळ मागे उडालं तर नंतर लिहिलेली फाइल आधीची ठरेल, हे तो जाणतो.

'ए'चं कौतुक मात्र थोडं आवरायला हवं. जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८० पासून लीप सेकंद न मोजता चाललाय आणि २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच कळवतो, पण त्याचा संपूर्ण संदेश साडेबारा मिनिटांचा. तोवर जुना रिसीव्हर कारखान्यात भरलेला शिळा फरक वापरतो, सेकंद-दोन सेकंद चुकतो, आणि ओळीत 'ए' ठणठणीत!

हे स्वतः अनुभवायचं असेल तर रिसीव्हर घेताना ठोक्याची तार बाहेर काढली आहे का ते आधी विचारा. यूएसबीच्या स्वस्त नगांत ती बहुधा नसते, आणि नुसत्या ओळीवरून मत बनवू नका.