मुलांचे चित्र, मोठ्यांचा खोडरबर

‘मुलांसोबत केलेले पुस्तक’ असे मुखपृष्ठावर छापले, की समीक्षकाचा सूर आपोआप मवाळ होतो. तरी अशा पुस्तकाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : खोडरबर कोणाच्या हातात होता?

समजा, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवतालच्या गल्ल्यांतली मुले प्राण्यांचे सचित्र पुस्तक करायला बसली. अंकलिपीतल्या हत्तीआधी त्यांच्या कागदावर दारातली बकरी आणि भिंतीवरची मांजर येईल. मग मोठ्यांच्या दुरुस्त्या सुरू होतील. कडेने काढलेल्या बकरीचा दुसरा डोळा पुसला जाईल. दखनी बोलणाऱ्या मुलाची ‘बिल्ली’ खोडून ‘मांजर’ लिहिले जाईल.

पहिल्या दुरुस्तीचे उत्तर फ्रेंच अभ्यासक लुके यांनी 1927 मध्येच दिले. मूल डोळ्यांना दिसणाऱ्या रूपापेक्षा आपल्याला ठाऊक असलेले चितारते. बकरीला डोळे दोन, म्हणून चित्रातही दोन. ती गाभण असेल तर पोटातले करडूही दिसणार. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच डोके आहे. शिल्पकाराने ते जाणून घडवले. मुलाचे तसे नसते, हा फरक मान्य. पण तिथे थबकून पाहणारे आपण वहीपुढे क्षणभरही थांबत नाही.

दुसरी दुरुस्ती अधिक खोल जखम करते. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांनी स्वतः मागितलेल्या शब्दांतून वाचनाची सुरुवात केली. ‘टीचर’ (1963) या पुस्तकात तो अनुभव आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला पाने, शिंपले, खडे हेच शिक्षणाचे साहित्य केले. परिसरातली वस्तू वर्गात घ्यायची आणि तिचे घरचे नाव दाराबाहेर ठेवायचे, हे या विचाराशी जुळत नाही.

मग मोठ्यांनी नुसते बघत बसावे का? नाही. ‘आवाज आला की तिचे कान कुठे वळतात?’ असे विचारून मुलाला पुन्हा बकरीकडे पाठवावे. ‘बिल्ली’शेजारी ‘मांजर’ही लिहावे. मुलाचे पहिले चित्र आणि नंतरचे चित्र समोरासमोरच्या पानांवर छापावे. मुलाची नजर कशी वाढली, हे वाचकाला त्या दोन पानांतच कळेल.