संकेतस्थळाचा वाचक

वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ म्हणण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने नकळत समीक्षेला एक निकषही देऊन ठेवला. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे ठरवून भेटण्याची जागा. नायिका तेथे आली आणि प्रियकर आलाच नाही, तर साहित्यशास्त्राने तिला ‘विप्रलब्धा’ असे नाव दिले आहे. आपल्याकडील पुष्कळ संकेतस्थळांवरून परतणारा वाचक याच अवस्थेत असतो. ज्याच्यासाठी तो आला, ते तेथे नसते; किंवा असते, पण दिसत नाही.

अशा पानांविषयी बोलणे होते ते बहुधा सजावटीचे. रंग कसे, चित्रे कशी, अक्षरे सरकतात कशी! मला ही समीक्षा मुळातच भलत्या जागी उभी वाटते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार केला. पण कलाकृतीपाशी रसिकाने रेंगाळावे अशी अपेक्षा असते. सातबाऱ्याच्या पानावर कोणी रेंगाळायला येत नाही. आलेल्याला कागद घेऊन लवकर निघायचे असते. म्हणून संकेतस्थळाची तुलना करायचीच, तर ती कवितेशी न करता ग्रंथाच्या अनुक्रमणिकेशी करावी.

सातबाऱ्याचेच उदाहरण घेऊ. कारण नांदेड-लातूरकडे इतक्या आस्थेने वाचले जाणारे दुसरे गद्य नाही. ‘महाभूलेख’चे पान मी गेली काही वर्षे ज्या रूपात पाहत आलो, त्याचा पहिला प्रश्न असे, विभाग कोणता? अमरावती, कोकण, नागपूर, नाशिक, पुणे आणि आपला छत्रपती संभाजीनगर. त्यानंतर जिल्हा, तालुका, गाव आणि अखेरीस गट क्रमांक. महसूल खात्याच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष आहे; आयुक्तांपासून तलाठ्यापर्यंतची ती उतरण आहे. परंतु मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या शेतकऱ्याच्या मनात आधी गाव येते. आपण कोणत्या महसुली विभागात मोडतो, हे त्याला एरवी कोणी विचारलेलेही नसते. रचना झाली ती कार्यालयाच्या मनाप्रमाणे. कादंबरीत असे घडले, तर लेखकाने पात्रांना बोलू दिले नाही, असे आपण म्हणतो.

मराठवाड्यात या गोष्टीला जुनी पार्श्वभूमी आहे. निजामी अमलात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. ज्याची जमीन, त्याला तिचा कागद वाचायला बहुधा दुसरा माणूस लागे. 17 सप्टेंबर 1948 नंतर कागद हळूहळू मराठीत आला. 2018 साली डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि पुढे तो 15 रुपयांत घरबसल्या मिळू लागला. ही गोष्ट लहान नव्हे. तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु पीककर्जाच्या दिवसांत तोच कागद काढून देणाऱ्या दुकानापुढे गर्दी का होते? कागद वाचता येतो, त्याच्याकडे जाणारी वाट वाचता येत नाही. मधला माणूस गेला नाही, त्याने फक्त खुर्ची बदलली. पान उघडल्यापासून काम होईपर्यंत ‘जरा हे बघता का?’ असे किती वेळा म्हणावे लागते, त्यावरून त्या पानाची पारख करावी.

शोधाच्या चौकटीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मुद्रित कोशात वर्णक्रम असतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चार ओळी खालीवर नजर फिरवली की शब्द सापडतो. चौकट तशी क्षमाशील असेलच असे नाही. वेलांटी चुकली की असलेली नोंदही ‘नाही’ होते. माझ्या वर्गातील निम्मी मुले ‘आणि’ची वेलांटी दीर्घ काढतात, त्यांच्यासाठी अशी चौकट म्हणजे बंद दारच.

राहिला प्रश्न अक्षरांचा. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली, तिच्यात देवनागरी होती. तरी पुढे बरीच वर्षे मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापला वेगळा टंक वापरीत. तो उतरवून घेतला नाही तर पानावर नुसती चिन्हांची दाटी दिसे. त्या गोंधळातून वाट काढणाऱ्यांत कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी होते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विसरू नये. संगणकावरचा ‘मंगल’ हा टंक त्यांचा. मात्र आजही पडद्यावर आपला ल आणि श बहुधा हिंदी वळणाने उमटतात. 2022 साली राज्यशासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा निर्णय केला. संगणकाच्या लेखी दोन्ही वळणांचे अक्षर एकच. पानाच्या मुळाशी ‘भाषा मराठी’ एवढी नोंद केली आणि टंकात तशी सोय असली, की आपले वळण आपोआप येते. या नोंदीला खर्च नाही. तोवर आम्ही पाटीवर पाकळीचा ल गिरवून घेतो आणि मुले मोबाइलवर दांडीचा वाचतात.