पितळी वाद्यांवरील गाब्रिएली

ब्रास वाद्यवृंदांनी प्रबोधनकालीन संगीत जणू दत्तकच घेतले आहे. त्यात नवल नाही. मोत्सार्ट-बेटहोव्हन यांनी केवळ ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांच्या समूहासाठी फारसे लिहिले नाही. तेव्हा या वादकांना मागे, सोळाव्या शतकापर्यंत जावे लागले. तेथे त्यांना भेटले जोव्हान्नी गाब्रिएली, व्हेनिसच्या संत मार्क महामंदिराचे १५८५ पासून १६१२ मधील निधनापर्यंतचे ऑर्गनवादक.

१९६८ साली फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि शिकागो येथील वाद्यवृंदांच्या पितळी वादकांनी एकत्र येऊन सिद्ध केलेली गाब्रिएली यांची ध्वनिमुद्रिका आम्ही पुन्हा ऐकली. स्तोत्राचे चरण दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणण्याची रीत वाचकांच्या परिचयाची आहे; येथे वाद्यांचे गट तशीच एकमेकांना साद घालतात. 'कान्झोना' मुळातच वाद्यांसाठी रचलेल्या. त्यांतील झळाळी आम्हांस निःसंकोच आवडली.

१५९७ च्या 'सोनाटा पियान ए फोर्ते'पाशी मात्र आम्ही थबकलो. त्या काळी क्वचितच घडे ते येथे घडले आहे : रचनाकाराने वाद्ये स्वतः नेमून दिली आहेत. एका गटात कॉर्नेट्टो व तीन ट्रॉम्बोन, दुसऱ्यात व्हायोलिन व तीन ट्रॉम्बोन. कॉर्नेट्टो म्हणजे आपल्या बँडमधील कॉर्नेट नव्हे. ती चामड्याने मढवलेली, बोटांसाठी छिद्रे असलेली वक्र लाकडी नळी. तिचा स्वर मानवी कंठाच्या निकटचा मानला जाई. तेव्हाचा ट्रॉम्बोनही अरुंद नळीचा आणि मृदू. 'हळू' अशी खूण असते तेथे बहुधा एकच गट वाजतो, 'मोठ्याने' असते तेथे दोन्ही. नाद वाढतो तो सोबती मिळाल्याने, छाती फुगवून फुंकल्याने नव्हे. आधुनिक मांडणीत व्हायोलिनची जागाही पितळ घेते आणि ते गंभीर संभाषण विजयघोषाकडे झुकते.

मोटेटांविषयी आमची तक्रार अधिक गंभीर आहे. १६१५ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेले 'इन एक्लेसीस' आज शब्दांवाचून, केवळ पितळी वाद्यांवरही वाजवले जाते. गायकांचे चरण आणि त्यांमधून वारंवार परतणारा सामूहिक 'आलेलुया' अशी त्याची घडण. तो परतताना लय तीन मात्रांची होते, आणि शब्द कानी पडत असेल तर सारी सभा उत्तर देत आहे हे उमगते. शब्द वगळला की उरतो एक डौलदार लयबदल. हे मोटेट वाजवणाऱ्या पथकांनी निदान एक गायनवृंद सोबत घ्यावा, अशी आमची विनंती आहे. मूळ स्वरलिपीत त्याची जागा राखलेलीच आहे.